प्रवेशानंद महाराजांचा उभा नारळ

गुरुवारी सकाळी डिचोलीहून मयेच्या वाटेला लागलं की आधी चपला दिसत. मग स्कूटर, मग सावंतवाडीकडून आलेल्या गाड्या आणि मग माणसं. एके काळी खाणीचे ट्रक जिथे दुरुस्तीला येत, त्या पत्र्याच्या गॅरेजात आता प्रवेशानंद महाराज बसत. जमिनीवरचे ऑइलचे डाग सारवून झाकले होते, पण ऊन चढलं की डिझेलचा वास उदबत्तीला मागे सारून पुढे येई. त्याला दिव्य सुगंध म्हणायचं तेवढं भक्तांनी बाकी ठेवलं होतं.

मूल होत नाही, भूत लागलंय, गुप्तधन कुठे आहे, असल्या जुनाट कामांत महाराज पडत नसत. त्यांचं खातं एकच, एमबीए. देशातल्या नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थांत पोराला प्रवेश मिळणार की नाही, एवढंच ते सांगत. खरं तर तेही सांगत नसत. नारळ सांगे.

महाराजांसमोर भगव्या कापडाने झाकलेला चौरंग, त्यावर पितळेचं घंगाळ, घंगाळात पाणी आणि पाण्यात सोललेला, शेंडी राखलेला, कुंकू फासलेला एक नारळ आडवा तरंगत असे. उमेदवाराने हात जोडून समोर बसायचं. नारळ आडवाच राहिला तर नशीब आडवं. पण तो हळूहळू वळला, शेंडी वर करून पाण्यात ताठ उभा राहिला, की प्रवेश पक्का.

"नाव?" महाराजांनी विचारलं.

"गौरेश," समोरचा चष्मेवाला मुलगा म्हणाला.

"डोळे मीट, गौरेश. संस्थेचं ध्यान कर. वेबसाइटचं नको, वास्तूचं कर. दिसला का दरवाजा?"

"दिसला, महाराज."

"उघडा की बंद?"

गौरेशने डोळे मिटूनच जरा विचार केला. "अर्धवट."

"बाकीचा मी उघडतो," महाराज म्हणाले आणि त्यांनी मंत्र सुरू केला. त्या मंत्रात संस्कृत थोडं आणि 'पर्सेंटाइल' जास्त होतं. नारळ थरथरला, वळला आणि उभा राहिला.

"उभो रवलो गो," कुणीतरी म्हणालं, आणि गॅरेजभर हात जोडले गेले.

रांगेत विनिता टीचर उभी होती. पेडण्याच्या हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवण्यात तिची हयात गेली होती. नारळ उभा राहिला तेव्हा तिचे हात सोडून बाकी सगळ्यांचे हात जोडलेले होते. ती आली होती भाचीसाठी. शिरगावचा तिचा मोठा भाऊ शंभू गावस खाणीवर ट्रक चालवत आला होता, त्याची मुलगी प्रिया. प्रियाने बी. कॉम. झाल्यावर मुरगावच्या एका जहाज-एजंटाच्या कचेरीत दोन वर्षं काम केलं होतं. बंदरावर जहाज किती वेळ थांबलं, त्याची भरपाई कुणी द्यायची, याचे हिशेब ती करत असे आणि उरलेल्या वेळात एमबीएच्या परीक्षेचा अभ्यास. आता तिला दोन संस्थांकडून मुलाखतीला बोलावणं आलं होतं. एक बरीच मोठी, एक जरा धाकटी. शंभूचं म्हणणं होतं, जाण्याआधी एकदा महाराजांना विचारूया. प्रियाने आत्याला फोन केला होता, "आते, तू पण ये. बाबांक एकट्याक सोडू नको थय."

रांगेत सगळ्यांना मनीषा नावाची एक बाई कोकम सरबत देत होती. मोठी लाघवी बाई. पेला हातात ठेवताना पाठीवरून हात फिरवायची आणि विचारायची, "कितको पडलो गो पर्सेंटाइल?"

"शहाण्णव," प्रिया म्हणाली.

"बरो आसा की. इंजिनिअर काय गो तू?"

"नाय, बी. कॉम."

"आनी कॉल खयचो?"

प्रियाने मोठ्या संस्थेचं नाव सांगितलं. मनीषाने "देव बरें करूं" म्हणत टोपलीतून एक लाल जास्वंद काढून तिच्या हातात दिली. "महाराजांच्या पायाकडे ठेव हां."

प्रियाच्या पुढच्या मुलाच्या हातात पांढरा मोगरा होता. गौरेशच्या हातात मघाशी पिवळी शेवंती होती. विनिताने एकदा टोपलीकडे पाहिलं. तिन्ही फुलं होती, ढिगाने.

मोगरेवाल्यासाठी नारळ अर्धाच उठला आणि परत पडला. "प्रयत्न आणि अनुष्ठान, दोन्ही लागेल," महाराज म्हणाले. प्रियाने पायांशी जास्वंद ठेवली. नारळ उन्हात झोपलेल्या म्हशीसारखा निवांत पडून राहिला.

"बाळ," महाराजांनी डोळे अर्धवट मिटले, "तुझ्या मुलाखतीच्या पॅनेलवर गुरू नाही. शनी अध्यक्ष आहे, बाजूला राहू प्रश्न विचारायला बसलाय. जाऊ नकोस. नकाराचा शिक्का एकदा कपाळावर बसला की तीन वर्षं पुसला जात नाही. दुसरा कॉल असेल तर तोही सोड. यंदा घरी बस, अनुष्ठान कर, पुढच्या वर्षी ये."

प्रिया उठली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. विनिताला तो चेहरा माहीत होता. लहानपणी पडल्यावर ती रडण्याआधी अशीच दिसायची.

घरी आल्यावर शंभूने पहिलं काम केलं, रेल्वेचं तिकीट रद्द करायला फोन हातात घेतला.

"दादा, जरा थांब," विनिता म्हणाली. "महाराजांचा खरा होता म्हणून तुका कोणी सांगलां?"

"सगळे सांगतत. आमच्या वाड्यावरची सोनाली. गेल्या वर्षी तिच्यासाठी नारळ उठलो नाय. तिका मिळाला?"

"ती मुलाखतीक गेलेली?"

शंभू थांबला. "कशाक जातली? महाराजांनी नको म्हटलेला."

"मगे? जी गेलीच नाय, तिका घरी येवन कोणी सीट देतलो?"

"ता सोड. नारळ उभो रवलो त्यांका मिळालाच ना?"

"बाबाजीच्या झिलाक मिळाला?" विनिताने विचारलं. बाबाजी हा शंभूचा जुना ट्रकवाला मित्र. त्याच्या मुलासाठी नारळ चांगला ताठ उभा राहिल्याचं सगळ्या शिरगावला ठाऊक होतं.

"तेची गोष्ट वेगळी," शंभू म्हणाला. "तेणी सोमवारी सुंगटा खाल्ल्यान. नेम मोडलो."

कोळंबीने नेम मोडला हे ऐकून विनिताला हसू आवरेना. "म्हणजे मिळाला तर महाराजांमुळे, आनी नाय मिळाला तर सुंगटांमुळे. मग दादा, हो माणूस चुकतलो कधी, ता तरी सांग."

शंभूची बायको पद्मावती चुलीपाशी मासे साफ करत होती. तिची सुरी क्षणभर थांबली.

"तू शिकलेली," शंभू चिडून म्हणाला. "पण माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. नारळ आपणहून उठलो. तेका कोणी हात लावलो?"

हा प्रश्न मात्र रास्त होता, आणि विनिता त्याच्याशीच अडली होती. तरंगणारी वस्तू उभी राहते, जर तिचं एक टोक जड असेल. पण मग ती सगळ्यांसाठी उभी राहील. कधी उभी, कधी आडवी, हे पाण्याच्या मनावर नसतं. बाहेरून काहीतरी तिला ओढायला हवं. घंगाळ पितळेचं आहे, आणि पितळ लोहचुंबकाच्या आड येत नाही, हे ती दर वर्षी अकरावीच्या मुलांना सांगत आली होती.

"दादा, मुलाखत ह्या नाय, पुढल्या सोमवारी आसा," ती म्हणाली. "येत्या गुरुवारी आपण परत जावया. तुझ्या डोळ्यांसमोर नारळ खोटो ठरलो, तर प्रिया जातली. नाय ठरलो, तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाय."

शंभूने फोन खाली ठेवला. तिकीट राहिलं.

विनिताच्या शाळेत योगेश नावाचा पीटीचा मास्तर होता, इब्रामपूरचा. उंच, देखणा, आणि अभ्यासाशी त्याचं वैर प्रसिद्ध. पुस्तक दिसलं की त्याला जांभई येत असे. विनिताने त्याला काय करायचं ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "टीचर, माका एमबीएचो लाँग फॉर्म पण येयना."

"म्हणून तर तुका घेतलंय," विनिता म्हणाली.

प्रियाने त्याला दोन संध्याकाळी बसवून तयार केलं. कुठली परीक्षा, कुठली संस्था, पर्सेंटाइल म्हणजे काय. "किती टक्के लोक तुझ्या मागे आहेत, ते," तिने सांगितलं.

"धावायच्या शर्यतीत माझ्या मागे नेहमी सगळेच असत," योगेश म्हणाला. "ता माका कळता."

गुरुवारी गर्दी आणखी वाढलेली होती. योगेश रांगेत एकटा उभा राहिला, गावस मंडळी मागे, जणू ओळखच नाही. मनीषा सरबत घेऊन आली.

"नव्याण्णव पॉइंट सहा," योगेशने छाती फुगवून सांगितलं. "इंजिनिअर. दोन वर्षां बंगळुराक काम केलंय."

मनीषाने पिवळी शेवंती काढून दिली, तीही मोठी बघून.

मग महाराजांनी त्याला बसवलं, दरवाजा दाखवला, मंत्र म्हटला. नारळ असा झटकन उभा राहिला की पाणी काठावरून सांडलं. गॅरेजात कुजबुज झाली. इतका ताठ नारळ कुणी पाहिला नव्हता.

"प्रवेश निश्चित," महाराज म्हणाले. "याच वर्षी. तुझ्या गुणपत्रिकेचं तेज मला इथून दिसतंय."

"महाराज, नीट दिसता ना?" योगेशने हात जोडूनच विचारलं.

"लख्ख."

"मी परीक्षा कशी दिलंय, ताही दिसता?"

"उत्तम दिलीस. गणितात जरा वेळ कमी पडला, पण देवीने हात धरला."

योगेश लोकांकडे वळला. "मी ही परीक्षाच दिलेली नाय. अर्ज पण भरूक नाय. मी पेडण्याच्या शाळेत पीटी घेतंय. हय बसलेल्यांपैकी कोणाच्या पोराक लंगडी शिकवूची आसली तर माका सांगा."

आधी कुणी हसलं नाही. मग मागून एक पोरगी फिसकन हसली, आणि हसू पुढपर्यंत आलं.

महाराजांचा मात्र कसलेला हात. "भविष्य दिसलं मला," ते शांतपणे म्हणाले. "हा देईल ती परीक्षा. काळ आमच्यापुढे सरळ चालत नाही."

"याच वर्षी म्हणालात," विनिता पुढे येत म्हणाली, "आणि यंदाची परीक्षा होऊन निकालही लागलाय. काळाचं राहू दे, महाराज, फुलांचं सांगा. सगळ्यांनी आपापलं फूल बघा बरं. पिवळं ज्यांच्याकडे आहे त्यांनी हात वर करा. पर्सेंटाइल किती?"

लोक गोंधळून एकमेकांकडे बघू लागले. एकाने नव्याण्णव सांगितलं, दुसऱ्याने साडेअठ्ठ्याण्णव. लाल फुलवाल्यांचे आकडे सगळे त्याहून खालचे निघाले.

"तुम्हीच सरबत पिता पिता आकडा सांगता," विनिता म्हणाली. "त्या बाई फुलाचा रंग देतात. फूल पायाशी पडलं की महाराजांना कळतं, नारळ उठवायचा की नाही. कुठल्या संस्थेला किती पर्सेंटाइल लागतात ते इंटरनेटवर कुणालाही दिसतं. देवाला विचारायची गरज नाही."

मनीषाच्या हातातला ट्रे वाजला. "सर," ती महाराजांना म्हणाली, "मी सांगलेला तुमका, फुलां बदलूया म्हणून."

सर. इतके दिवस ज्यांना सगळे महाराज म्हणत होते, त्यांना त्यांच्याच माणसाने सर म्हटलं होतं. आणि मग महादेव नावाचे एक गृहस्थ, आपल्या मुलीला घेऊन म्हापशाहून आलेले, रांगेतून पुढे सरकले, महाराजांच्या दाढीकडे वाकून बघू लागले आणि म्हणाले, "अरे, हो तर एमबीएच्या क्लासातलो कौन्सिलर. माझ्या मोठ्या पोराक ह्यानीच सांगलेला, तुझो चान्स किती तो. तेव्हा दाढी नव्हती."

"संन्यास घेण्यापूर्वी माणूस काहीतरी करतोच," महाराज म्हणाले. "पण नारळ, बाई? नारळ मी हाताने उठवला का? सांगा लोकांना."

"घंगाळ खाली जमिनीवर ठेवा आणि पुन्हा उठवा," विनिता म्हणाली. तिने पर्समधून शाळेच्या प्रयोगशाळेतली छोटी चुंबकसूची काढून चौरंगाच्या काठावर ठेवली. सुईने उत्तर दिशा सोडली आणि ती सरळ घंगाळाकडे तोंड करून बसली.

"घंगाळ हलवलं तर हलवणाऱ्याच्या घरात अरिष्ट येईल," महाराज म्हणाले. आवाज आता जरा चढला होता. पुढे आलेली दोन माणसं थबकली. शंभूही थबकला.

पद्मावती उठली. इतके दिवस ती नवऱ्याच्या मागे पदर सावरून बसली होती. "माझ्या चेडवाक वर्षभर घरी बसवतंस," ती म्हणाली, "त्यापेक्षा मोठा अरिष्ट काय हाडतलस?" तिने कंबर वाकवली, घंगाळ पाण्यासकट उचललं आणि चार पावलं चालून जमिनीवर ठेवलं. नारळ हलला, डुलला आणि आडवा झाला.

"आता म्हणा मंत्र," विनिता म्हणाली.

महाराजांनी मंत्र म्हटला नाही. शंभूने चौरंगावरचं कापड ओढलं. खाली पोकळ खोका होता, आत एक फळी, फळीवर हाताएवढं काळं लोहचुंबक, आणि फळीला बांधलेली दोरी महाराजांच्या गुडघ्यापर्यंत गेलेली. गुडघा दाबला की फळी वर, सोडला की खाली. अर्धवट दाबला की मोगरेवाल्याचं नशीब.

शंभूने ते चुंबक उचलून पाहिलं आणि त्याच्या तोंडून शिवी आली. "हा आमच्या खाणीवरचा. सरकत्या पट्ट्यावरच्या मातीतून खिळे, बोल्ट वेगळे काढूक असता. भंगारातून घेतल्यान आसतलो." मग त्याने घंगाळातला नारळ काढला आणि दारातल्या दगडावर आपटला. पाणी निघालं नाही. शेंडीखालच्या डोळ्यातून पोखरून आत, दुसऱ्या टोकाला, मेणात रुतवलेला लोखंडाचा एक तुकडा होता. जेमतेम वजनाचा, म्हणून एरवी नारळ आडवा तरंगे. चुंबक जवळ आलं की ते टोक खाली ओढलं जाई आणि शेंडी वर.

नारळाचे तुकडे हातोहात फिरले. गौरेशनेही एक घेतला, मेणाला नख लावून पाहिलं आणि चष्मा पुसला. लोकांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं विनिताला वाटलं. बरेच जण नुसते खाली बघत होते, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली. एक म्हातारे गृहस्थ तर पुढे येऊन महाराजांना हळूच म्हणाले, "ता सगळा खरा आसात. पण तुम्ही क्लासात होतास ना? माझ्या झिलाक चौऱ्याण्णव आसत. काय वाटता तुमका?"

आणि महाराजांनी सवयीने तोंड उघडलंसुद्धा. "वर्क एक्स्पीरियन्स किती?"

त्या दुपारी प्रवेशानंद महाराज मनीषासकट कुठल्याशा टेम्पोत बसून निघून गेले. ते परराज्यात समाधी लावून बसलेत, असं त्यांचे उरलेले भक्त सांगतात. समाधीतून ते फोन उचलतात, असंही म्हणतात.

सोमवारी प्रिया मोठ्या संस्थेच्या मुलाखतीला बसली. समोर शनी नव्हता, तीन प्राध्यापक होते, आणि त्यांनी विचारलं की बंदरावर जहाज अडकलं तर तोटा कुणाचा. हा प्रश्न तिचाच होता, तरी तिची जीभ अडखळली. जायचं की नाही यावर बाबांशी भांडण्यात गेलेले दिवस तिला तिथे आठवले. निकाल आला तेव्हा तिचं नाव नव्हतं.

शिरगावात लगेच चर्चा झाली. नारळ आडवो होतो तो उगाच न्हय. शंभूने रात्रीच्या जेवणाआधी बहिणीला फोन लावला. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "विनिता, तो लबाड होतो ता कबूल. पण तेणी सांगितल्यान, ताच झाला."

"दादा," विनिता म्हणाली, "मुलाखतीक जितके जण बोलावतत, त्यातल्या चारांपैकी साधारण एकाक सीट मिळता. तिघांक नाय मिळणा. मी डोळे मिटून सगळ्यांक 'नाय' म्हटलंय, तर चारातली तीन वेळा खरी ठरतलंय. माका पण मग चौरंगार बसव. प्रियाचो चान्स चारात एक होतो. ती गेली म्हणून एक. गेली नसती तर शून्य. ह्यापेक्षा जास्त कोणाक कळत नाय, आनी कळता म्हणणारो तुका फसवता. दुसरी मुलाखत आसा ना?"

"आसा. ती जाते म्हणता."

"मग तिका जाऊ दी. आनी ह्या खेपेक तिच्याशी भांडू नको."

दुसऱ्या मुलाखतीला प्रिया जहाजाच्या प्रश्नाचं उत्तर तयार करून गेली होती. कुठे अडखळली होती, ते तिने स्वतःच तपासलं होतं. पद्मावतीने निघताना तिच्या हातावर साखर ठेवली, शंभू तिला थिवीच्या स्टेशनवर सोडून आला आणि वाटेत एक शब्दही उपदेश केला नाही. त्याला ते किती जड गेलं ते प्रियाने आत्याला नंतर हसत सांगितलं.

धाकट्या संस्थेत तिला प्रवेश मिळाला. सोनालीने यंदा अर्ज भरलाय. गौरेशला दोन जागी प्रवेश मिळाला आणि एका जागी नाही, जिच्यासाठी नारळ उभा राहिला होता, नेमकं तिथेच.

जून महिन्यात दोडामार्गाकडचा एक ओळखीचा माणूस शंभूकडे आला. मुलाला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. त्याने महाराजांचा नवा पत्ता मागितला. शंभूला तो कुणीतरी सांगितलेला होता.

"पत्तो माका म्हायत आसा, पण तो मी तुका दिवचंय नाय," शंभू म्हणाला. "झिलाक पाठव. मिळात किंवा नाय मिळात. पण ता तेणी थय बसून ऐकूचा, तू हय बसून नाय."